फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक मधेच बंद पडतो, निळा पडदा येतो, काल सेव्ह केलेली फाइल आज उघडत नाही, अशी तक्रार घेऊन ग्राहक दुकानात गेला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बहुधा एकच उत्तर मिळते: ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅटनंतर काही दिवस बरे जातात, कारण खराब झालेल्या सिस्टम फाइली नव्याने लिहिल्या जातात. मग पुन्हा तेच सुरू होते. दर खेपेला ग्राहकाचे पैसे जातात, लग्नाचे फोटो, हिशेबाच्या फाइली, कंपोझ केलेले मजकूर पुसले जातात. अशा कितीतरी तक्रारींत विंडोज निर्दोष असते. दोष असतो रॅमच्या (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीच्या) टायमिंग आणि व्होल्टेजमध्ये. तो शोधायला एक पेनड्राइव्ह आणि एक रात्र पुरते. दुकानदारांनी आणि ग्राहकांनी ही तपासणी फॉरमॅटच्या आधी करावी, आणि नवा संगणक देताना रॅमची सेटिंग लिहून द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

रॅमच्या खोक्यावर ३२०० किंवा ६००० असा वेगाचा मोठा आकडा छापलेला असतो. रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, मदरबोर्डात लावताच तो वेग मिळत नाही. स्टिकवर एक लहानशी चिप असते, तिच्यात वेग-टायमिंगचे तक्ते साठवलेले असतात. बोर्ड सुरू होताना त्यातला जेडेक या मानक संस्थेचा सुरक्षित तक्ता निवडतो. डीडीआर-४ या पिढीच्या रॅममध्ये तो बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ चा आणि १.२ व्होल्टचा, डीडीआर-५ मध्ये बहुधा ४८०० चा आणि १.१ व्होल्टचा असतो. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन दुसरा तक्ता चालू करावा लागतो. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० प्रोसेसरबरोबर आणलेल्याला एक्सपो. या तक्त्यात व्होल्टेज वाढलेले असते: डीडीआर-४ ला सहसा १.३५, डीडीआर-५ ला १.२५ ते १.४.

यातली खरी गोम बहुतेक ग्राहकांना कुणी सांगत नाही. हा दुसरा तक्ता म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणे आहे. रॅम कंपनीने स्टिक त्या वेगाला तपासलेली असते हे खरे, पण रॅम चालवणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत बसलेला असतो आणि त्याची हमी वेगळी असते. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. ६००० चे किट (एकत्र विकलेल्या स्टिकचा संच) लावून एक्सपो चालू केले म्हणजे प्रोसेसरच्या हमीपलीकडे गेलो. बहुतेक प्रोसेसर ते पेलतात, काही पेलत नाहीत, आणि कोणता पेलेल हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच ‘एक्सएमपी चालू केले, विंडोज आले, न्या घरी’ या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. विंडोज सुरू झाले याचा अर्थ रॅम स्थिर आहे असा होत नाही. लाखो वेळा वाचताना एकदा एक बिट चुकला, तरी विंडोज सुरू होतेच. तो बिट फोटोत पडला तर फोटोवर रंगीत पट्टा येतो, झिप फाइलमध्ये पडला तर ती उघडताना सीआरसीची (फाइल शाबूत आहे का ते पाहणाऱ्या तपासणीची) चूक दाखवते, ड्रायव्हरमध्ये पडला तर निळा पडदा.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. निळ्या पडद्यावर दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर घ्यावा. पण आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा ‘आयआरक्यूएल’ असे दर वेळी वेगळे काही येत असेल, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळत असतील, इन्स्टॉलर ‘फाइल करप्ट’ म्हणत असेल, तर आधी रॅम. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करावे आणि काही दिवस तसेच वापरावे. त्रास थांबला तर एक रुपया न घालवता कारण हाती लागले. बंद करूनही चुका येत राहिल्या तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासावी, स्टिकच किंवा बोर्डावरची खाच खराब असू शकते.

आता टायमिंग. स्टिकवर १६-१८-१८-३८ असे चार आकडे असतात. रॅममधली माहिती ओळी आणि स्तंभ अशा जाळीत असते. उघड्या ओळीतला स्तंभ मागितल्यापासून माहिती येईपर्यंत रॅमच्या घड्याळाचे किती ठोके लागतात तो पहिला आकडा, म्हणजे सीएल. बंद ओळ उघडून तिच्यातला स्तंभ मागता येईपर्यंतचे ठोके तो दुसरा, टीआरसीडी. उघडी ओळ बंद करून दुसरी उघडण्याच्या तयारीला येण्याचे ठोके तो तिसरा, टीआरपी. चौथा, टीआरएएस, म्हणजे ओळ किमान किती ठोके उघडी ठेवायची. हे सगळे आकडे ठोक्यांचे आहेत, वेळेचे नाहीत, आणि इथेच खरेदीत फसगत होते. वेळ काढायला सीएलला २००० ने गुणावे आणि खोक्यावरच्या वेगाने भागावे, उत्तर नॅनोसेकंदात येते. ३२०० ची सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ची सीएल १८ म्हणजेही १०. ६००० ची सीएल ३० म्हणजेही १०. मात्र ४८०० ची सीएल ४० काढली तर १६.७ येतात. म्हणून फक्त मोठा वेग पाहून रॅम घेऊ नये, सीएल विचारून घ्यावी.

या चारांखेरीज एक आकडा असा आहे की त्याच्याशी खेळणाऱ्यांनी बरेच संगणक अस्थिर केले आहेत: टीआरएफसी. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला भार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या ओळी पुन्हा भराव्या लागतात. डीडीआर-४ मध्ये दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशची आज्ञा जाते आणि ते काम संपेपर्यंत लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या चिपला जेडेकने ३५० नॅनोसेकंद दिले आहेत, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. ३२०० वेगाला ३५० नॅनोसेकंद म्हणजे ५६० ठोके. इंटरनेटवर कुणी २८० टाकून वेग वाढल्याचे दाखवतो. तो आकडा सॅमसंगच्या बी-डाय नावाच्या जुन्या, निवडक चिपवर चालतो. आपल्या स्टिकवर दुसऱ्याच चिपा असतील तर ओळी पुऱ्या भरायच्या आतच काम पुढे सरकते आणि चुका होतात. टीआरएफसी ऑटोवर सोडावी. घरगुती किंवा कार्यालयीन कामात त्यातून मिळणारा फायदा जाणवणारही नाही.

गोव्यातल्या हवेचा संबंध नेमका इथे येतो. तापमान वाढले की कपॅसिटरमधला भार लवकर गळतो. त्यामुळेच ८५ अंशांपुढे रिफ्रेश दुप्पट वेळा करावी असा जेडेकचाच नियम आहे. टायमिंग घट्ट केलेली स्टिक ५० अंशांच्या आसपाससुद्धा चुका करू लागते. दुकानात एसी असतो, कॅबिनेटचे झाकण उघडे असते, तिथे रॅम गार राहते. तोच संगणक मे महिन्यात कुडचड्याच्या एखाद्या खोलीत, बाहेर ३३-३४ अंश, झाकण बंद, शेजारी तापलेले ग्राफिक कार्ड, अशा अवस्थेत चालतो तेव्हा चाचणीतला निकाल तिथे लागू पडत नाही. चाचणी झाकण बंद करून, एसी बंद करून, भर दुपारी घ्यावी. पुढून आत आणि मागून बाहेर वारा नेणारे किमान एकेक पंखे कॅबिनेटला हवेतच.

म्हणूनच व्होल्टेज वाढवले की स्थिरता वाढते हा समज धोक्याचा आहे. थोड्या मर्यादेपर्यंत तो खरा आहे, त्यापुढे वाढलेली उष्णताच चुका घडवते. डीडीआर-५ मध्ये तर व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते, तिचीही उष्णता तिथेच राहते. डीडीआर-४ ला १.३५ द्यावे. स्टिकच्या लेबलवर जास्त लिहिलेले नसेल तर रोजच्या वापरात १.४ च्या वर जाऊ नये. वाढवायचेच तर एका वेळी ०.०१ किंवा ०.०२.

रॅमच्या व्होल्टेजपेक्षा जास्त काळजी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या व्होल्टेजची घ्यावी. एएमडीत त्याला एसओसी व्होल्टेज म्हणतात, इंटेलमध्ये सिस्टम एजंट. एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करताच काही बोर्डे हे व्होल्टेज ऑटोमध्ये गरजेपेक्षा वर नेतात. २०२३ च्या वसंतात रायझन ७००० चे काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्यावर एएमडीने नव्या फर्मवेअरद्वारे एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. त्या काळातला बोर्ड असेल आणि बायोस कधीच अपडेट केला नसेल तर एक्सपोला हात लावण्याआधी तो अपडेट करावा, इथे चालढकल नको. ६००० च्या किटला १.२ ते १.२५ बहुधा पुरते. रायझन ३००० आणि ५००० ला १.१ च्या आसपास पुरते, १.२ ओलांडू नये. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून ज्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘के’ नाही, त्यांत सिस्टम एजंट व्होल्टेज बदलताच येत नाही. त्यामुळे तिथे डीडीआर-४ चे ३६०० चे किट गिअर १ मध्ये (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच ठोक्याने चालतो त्या पद्धतीत) चालेलच असे नाही, ३२०० वर समाधान मानावे. आणि एच ६१० चिपसेटच्या बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही. अशा बोर्डासाठी ३६०० चे महाग किट ग्राहकाच्या गळ्यात मारणे चुकीचे आहे.

सेटिंग करण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की लिहून ठेवावी. बायोस अपडेट केल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायोसची सेटिंग पुसल्यावर) संगणक ती मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्कवरची माहिती कायमची गेली. मग दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर तारांची रचना या दोन खाचांसाठी अनुकूल असते, पहिल्या-तिसऱ्या खाचेत त्याच स्टिक त्याच वेगाला अडखळतात. बायोसमध्ये प्रोफाइल चालू करावे, रॅमचे आणि एसओसीचे व्होल्टेज ऑटोवर न ठेवता हाताने भरावे, सेव्ह करावे.

डीडीआर-५ मध्ये पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमचे ट्रेनिंग करत, म्हणजे तिच्याशी सिग्नल जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नये. आपल्याकडे पावसात वीज क्षणभर जाऊन परत येते, तसे या वेळी झाले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तेव्हा यूपीएस असावाच. बोर्ड उठलाच नाही तर वीज काढून सीमॉसची जंपर काही सेकंद जोडावी किंवा नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी पाच मिनिटे बाहेर काढावी. सगळे मूळ सेटिंगवर येते.

सुरू झाल्यावर वेग खरेच बदलला का ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली पाहावे. सीपीयू-झेडमध्ये आकडा निम्मा दिसतो, ३२०० च्या जागी १६०० च्या आसपास. त्यात फसवणूक नाही. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते आणि तो प्रोग्रॅम ठोके दाखवतो.

नंतर चाचणी, आणि ती आधी विंडोजबाहेर. अस्थिर रॅमवर विंडोज चालवून चाचणी घेतली तर चाचणीच विंडोजच्या फाइली बिघडवू शकते. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून तिथून संगणक सुरू करावा आणि चार फेऱ्या होऊ द्याव्यात. १६ जीबीला काही तास लागतात, ३२ जीबीला रात्र धरावी. त्यात पास झाल्यावर विंडोजमध्ये टेस्टमेम५, आणि शेवटी प्राइम९५ ची लार्ज एफएफटी चाचणी तासभर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम एकत्र तापतात. विंडोजमधली स्वतःची मेमरी चाचणी फार वरवरची आहे, ती पास झाली यावर विसंबू नये. एक चूकही नापासच. ‘एकच तर एरर आहे’ म्हणून संगणक ग्राहकाला देणे मला अक्षम्य वाटते.

नापास झाला तर आधी वेग एक पायरी उतरवावा, ३६०० वरून ३४६६ किंवा ३२००, टायमिंग तीच ठेवून. व्होल्टेजकडे त्यानंतर वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही. चुका लगेच येत असतील तर टीआरसीडी एक-दोन ठोक्यांनी सैल करावी किंवा कमांड रेट (आज्ञेसाठी दिलेले ठोके) १टी चा २टी करावा. तासाभराने, रॅम तापल्यावरच येत असतील तर उष्णता आणि टीआरएफसीकडे पाहावे. रायझनवर गिअर डाउन मोड नावाची सेटिंग चालू असेल तर विषम सीएल आपोआप पुढच्या सम आकड्यावर जाते, १५ लिहिले तरी चालते १६, हे ठाऊक नसल्याने लोक उगाच गोंधळतात. रायझन ७००० वर रोज सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावरच त्रास होत असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (मागच्या ट्रेनिंगचे आकडे पुन्हा वापरणारी सोय) बंद करून पाहावे. सुरू व्हायला वेळ जास्त लागेल, पण ट्रेनिंग दर वेळी ताजे होईल.

जुन्या स्टिकशेजारी नवी स्टिक टाकणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. ८ जीबीच्या जोडीला आणखी ८, त्याच कंपनीची, त्याच वेगाची. पण तोच मॉडेल क्रमांक ठेवून कंपन्या आतल्या चिपा बदलतात. कारखान्यात एकत्र तपासलेले असते ते किट, वेगवेगळ्या घेतलेल्या दोन स्टिक नव्हेत. अशी जोडी असेल तर एक्सएमपी बंद ठेवून जेडेकच्या वेगाने चालवावी, सहसा तक्रार राहत नाही. दोनच्या चार करण्यापेक्षा जुन्या विकून १६ च्या दोनचे किट घेणे केव्हाही चांगले. मात्र एकच स्टिक असलेल्या संगणकाला दुसरी जरूर घ्यावी. ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते, दोन मिळून ५१.२. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकाला याचा जो फायदा होतो, तो कोणतीही टायमिंग घट्ट करून मिळणार नाही.

सेटिंगला हात लावण्याआधी स्टिकचे सोनेरी पाय पाहावेत. किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या संगणकात त्यांच्यावर थर जमतो, आणि स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवल्यावरच त्रास गेल्याचे पुष्कळदा दिसते. खोडरबराने घासू नये, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन पुसावे, वाळू द्यावे. विजांच्या भीतीने मुख्य स्विच बंद ठेवण्याची सवय योग्यच आहे, पण त्या काळात बोर्डावरची बॅटरी खर्च होत असते. ती संपली की तारीख मागे जाते आणि रॅमची सेटिंगही पुसली जाऊ शकते. संगणक अचानक मंदावला आणि घड्याळ चुकले असेल तर आधी ही बॅटरी बदलावी.

लॅपटॉपमध्ये बहुधा व्होल्टेज बदलताच येत नाही, तिथे योग्य स्टिक निवडणे एवढेच हाती असते. जुन्या डीडीआर-३ च्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते का हे पाहून घ्यावे. १.५ व्होल्टच्या साध्या स्टिकवर असा लॅपटॉप बहुधा उठणार नाही.

शाळा, पंचायती, सहकारी पतसंस्था यांनी एक्सएमपीच्या वाटेला जाऊच नये असे माझे मत आहे. १.२ व्होल्टवर ३२०० चालणाऱ्या, सीएल २२ च्या जेडेक स्टिक मिळतात. बोर्ड आणि प्रोसेसर ३२०० ला मान्यता देणारे असले की कोणतेही प्रोफाइल न लावता त्या पूर्ण वेगाने चालतात. निविदेत नुसते ‘१६ जीबी रॅम’ न लिहिता ‘८ जीबीच्या दोन, एकाच किटमधल्या, १.२ व्होल्ट, ३२०० जेडेक’ असे लिहावे.

घरगुती ग्राहकाला दुकानदाराने बिलासोबत एक चिठ्ठी द्यावी: स्टिकचा पूर्ण मॉडेल क्रमांक, कोणत्या खाचांत लावल्या, प्रोफाइल चालू की बंद, वेग, चारही टायमिंग, रॅमचे आणि एसओसी किंवा सिस्टम एजंटचे व्होल्टेज, बायोसची आवृत्ती, मेमटेस्टच्या किती फेऱ्या झाल्या आणि चुका शून्य आहेत का. बॅटरी संपून सेटिंग पुसली गेली तर याच चिठ्ठीवरून कुणालाही ती पुन्हा भरता येईल. ग्राहकांनी ती मागावी, आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, फोंडा